आधी डी अँझा, मग पुढचं विद्यापीठ

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मुलगी यंदा जूनमध्ये हायस्कूल पूर्ण करेल. तिला कम्युनिकेशन आणि मीडिया शिकायचंय. त्यासाठी आधी दोन वर्षं क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात जाईन आणि मग यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर घेईन, असं तिचं म्हणणं आहे. तिच्या बरोबरीची आपली मुलं थेट यूसीला निघाली आहेत. सांगलीहून सासऱ्यांचा फोन येतो, 'नातीचा नंबर कुठेच लागला नाही का?' मला उत्तर सुचत नाही. शिवाय मनात एक शंका आहे. गणित टाळायचं म्हणून तर ती हा विषय घेत नसेल ना?"

ताई, नमस्कार.

आधी सासऱ्यांचा प्रश्न. आपल्याकडे बारावीनंतर एकदा नंबर लागला की गाडी त्याच रुळावरून शेवटपर्यंत जाते. कॅलिफोर्नियाची घडण वेगळी आहे. १९६० साली राज्याने उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात यूसी, कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि डी अँझासारखी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं अशा तीन पायऱ्या ठरल्या. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून तिसऱ्या वर्षाला वरच्या विद्यापीठात जाण्याची वाट तेव्हाच मुद्दाम मोकळी ठेवली गेली. पदवी मिळते ती शेवटच्या विद्यापीठाची. टॉम हँक्स हेवर्डच्या चाबो या कम्युनिटी कॉलेजात शिकले आणि तिथून सॅक्रमेंटोच्या कॅल स्टेटला गेले. फोनवर हे सांगा, आणि सोबत खर्चही सांगा. राज्याच्या रहिवाशाला डी अँझात एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजायच्या एककाला, ३१ डॉलर पडतात. ट्रान्सफरला साधारण ९० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची मूळ फी तीन हजार डॉलरच्या आत. यूसीत एका वर्षाचीच १४ हजारांच्या वर जाते. सासऱ्यांना हिशेब लगेच कळेल.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. ही वाट स्वस्त आहे, मोकळी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर रेंगाळणारी मुलं पुष्कळ आहेत. दोन वर्षांचे तीन, तीनाचे चार होतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा हुशारी कमी पडणं हे नसतं. पहिल्या वर्षी मनाला येतील ते विषय घेतले जातात, आणि दुसऱ्या वर्षी कळतं की त्यातले निम्मे त्या मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, लागतच नव्हते. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीपाशी येतं: कुठे जायचं हे पहिल्या क्वार्टरलाच, म्हणजे पहिल्या सत्रालाच, ठरवा आणि तिथून मागे मोजत विषय निवडा.

त्यासाठी तिला आधी एक निवड करावी लागेल. 'कम्युनिकेशन आणि मीडिया' असं आपण एका दमात म्हणतो खरं, पण ट्रान्सफरच्या दृष्टीने त्या वेगळ्या वाटा आहेत. कम्युनिकेशन स्टडीजमध्ये भाषण, वादविवाद, गटातला संवाद, दोन माणसांमधला आणि दोन संस्कृतींमधला संवाद शिकवतात. पत्रकारितेत बातमी लिहिणं, संपादन आणि माध्यमांचा समाजावरचा परिणाम येतो. कॅमेरा आणि एडिटिंग हवं असेल तर फिल्म-टीव्हीचा विभाग निराळा. पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की मराठी शाळेच्या गणेशोत्सवात ती दरवर्षी सूत्रसंचालन करते. त्यावरून तिचा ओढा पहिल्या वाटेकडे असावा असं वाटतं, पण ते माझ्यापेक्षा तिलाच विचारा.

आता गणित. ते टळेल अशी तिची अपेक्षा असेल, तर टळणार नाही हे आजच सांगून टाका. कॅल स्टेटला जाण्याआधी चार गोष्टी पूर्ण कराव्याच लागतात: लेखन, भाषण, तर्कविचार आणि गणित. यूसी डेव्हिससारख्या ठिकाणी तर कम्युनिकेशन मेजरलाच संख्याशास्त्र लागतं. लोकांची मतं मोजणं हाही या विषयाचा भाग आहे, त्यामुळे संख्याशास्त्र सहसा चुकत नाही. मात्र कॅल्क्युलसने घाबरलेली मुलं संख्याशास्त्रात रमलेली मी पाहिली आहेत, कारण तिथला प्रत्येक आकडा माणसांबद्दल असतो.

कोणता विषय कुठे धरला जातो हे 'असिस्ट' नावाच्या राज्याच्या संकेतस्थळावर कॉलेज आणि मेजरनिहाय दिसतं. दोघी मिळून एक संध्याकाळ त्यावर घालवा, आणि मग कॉलेजच्या काउन्सेलरकडून लेखी एज्युकेशन प्लॅन करून घ्या. यूसीच्या काही कॅम्पसमध्ये ठरलेले विषय आणि गुण असले की प्रवेशाची हमी मिळते. त्या हमीचा अर्ज सप्टेंबरमध्ये, एकाच कॅम्पसला करता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो मात्र त्या हमीत नाहीत. तिथे स्पर्धेतूनच जावं लागतं.

व्हिसाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण मला विचारल्यावाचून राहवत नाही, कारण आपल्या घरांतून इथेच चटका बसतो. ती एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असेल, तर एकविसाव्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो. म्हणजे नेमका ट्रान्सफरनंतर. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेली की रहिवाशाची फी जाऊन बाहेरच्यांची लागू होऊ शकते. एच-४ वर तिला पगारी इंटर्नशिपही करता येणार नाही. पदवीनंतर एफ-१ वर कामासाठी १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना जे जादा २४ महिने मिळतात, ते कम्युनिकेशनच्या बहुतेक पदव्यांना मिळत नाहीत. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. नसेल, तर मेजर ठरवण्याआधी वकिलाशी बोला.

या क्षेत्रात गुणांइतकंच केलेलं काम विचारतात. डी अँझात 'ला व्होज' हे विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र आहे. तिने पहिल्या वर्षीच तिथे लिहायला लागावं. विषय शोधायला लांब जायची गरज नाही. सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आजी-आजोबा तुमच्याकडच्या बागांत रोज संध्याकाळी बाकांवर बसलेले असतात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून लिहू शकेल असं त्या वर्गात कितीजण असतील? तिला मराठी येतं, आणि बातमीदार म्हणून ते तिचं भांडवल आहे.

एक काम लगेच करता येईल. डी अँझाचं उन्हाळी सत्र जूनअखेरीच्या सुमारास सुरू होतं. त्यात तिला पब्लिक स्पीकिंगचा वर्ग घेऊ द्या. मेजर कोणतंही ठरलं तरी हा विषय वाया जात नाही, आणि अनोळखी तीस जणांसमोर उभं राहून बोलणं तिला खरंच आवडतं का, हे ऑगस्टपर्यंत तिला आणि तुम्हाला दोघींनाही कळेल. त्यानंतर मला पुन्हा लिहा. शक्यतो या वेळी पत्र तिने स्वतः लिहावं.