ऑफिसात काढलेलं आईचं दूध नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत टिकतं का?

टिकतं, पण फ्रिजमध्ये. बाहेर 4 तास चालतं म्हणतात ते 25 अंशांपर्यंतच्या खोलीत. मे महिन्यात आपल्याकडे कुलरसमोरही तेवढा गारवा मिळत नाही. काढल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा, दारात नाही, आत मागच्या बाजूला. तिथे 4 दिवस राहतं. डब्यावर नाव, तारीख, वेळ लिहा, नाहीतर कुणीतरी चहात घालेल!

मिहानमधल्या ऑफिसातून स्कूटीवर घरी नेताना आइस पॅक घातलेली इन्सुलेटेड बॅग हवीच, आणि ती डिकीत नको, डिकी भट्टीसारखी तापते. आजीला आधीच सांगून ठेवा: गॅसवर उकळायचं नाही, बाटली कोमट पाण्यात धरायची. वर साय वेगळी दिसली म्हणजे दूध नासलं असं नाही, हलकेच फिरवलं की मिसळते.

पंप टॉयलेटमध्ये बसून करू नका हो. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार (जुना मातृत्व लाभ कायदा आता तिच्यातच आला आहे) बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत स्तनपानासाठी कामाच्या वेळेत रोज दोन जादा ब्रेक मिळतात. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही लागतं. तेवढा आधार घेऊन एचआरला मेल टाका आणि आतून कडी लागणारी एखादी रिकामी मीटिंग रूम मागा. तोंडी मागितलं की विसरतात.