मंडईच्या दिवशी नावा पाण्यात सोडा
वाचकांचे प्रश्न : खेळ आणि मैदान

प्रश्न : ताई, मी लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. गावाला मोठा मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आहे. देणगीतून तीन कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद नावा, मिळाल्या. सुरुवातीला पोट्ट्यांची झुंबड होती, आता ठरावीक पाच-सहा जणच येतात. शेजारच्या गावांतही तलाव आहेत, पण तिकडून कोणी फिरकत नाही. हा खेळ आमच्या भागात पसरावा यासाठी काय करावं?

उत्तर : सर, कयाक शाळेच्या खोलीत कुलपात असतील तर आधी त्या बाहेर काढा. किल्ली एकाकडे असली की खेळ त्याच्याच सवडीनं चालतो. पाळीजवळ, म्हणजे तलावाच्या बांधाजवळ, टिनाचं छप्पर टाका आणि नावा सांभाळायचं काम ढिवर (मच्छीमार) मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसाला मानधन देऊन सोपवा.

हे मी मुद्दाम सांगते आहे. तलावात मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेचा असतो. जाळी कुठं लावली आहेत, शिंगाडा कुठं आहे, पाण्याखाली जुना बुंधा कुठं दडलाय, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. त्यांना न विचारता नावा उतरवल्या की जाळी फाटतात आणि पहिल्याच महिन्यात भांडण उभं राहतं. म्हणून संस्थेच्या बैठकीला जा, तलावाचा कोणता कोपरा आणि कोणती वेळ त्यांना चालेल ते विचारा, त्यांच्याच हातानं बांबू रोवून हद्द आखून घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या जिल्हा परिषदेची किंवा पाटबंधारे विभागाची लेखी परवानगी हवीच. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात तो काठ मात्र पूर्ण सोडा.

शिकवणारेही तिथूनच मिळतील. डोंग्यात उभं राहून जाळं फेकणाऱ्या पोराला तोल शिकवावा लागत नाही. कयाकमध्ये बसून दोन पात्यांचं वल्हं मारायचं आणि जोर दंडानं न लावता कमरेपासून धड वळवून काढायचा, एवढं त्याला दाखवलं की पुरे. कनू या दुसऱ्या प्रकारच्या नावेत तर एका गुडघ्यावर बसून एकाच पात्याचं वल्हं एका बाजूनं मारतात, ते त्याच्या सवयीच्या जवळचंच आहे. ही पोरं प्रशिक्षक झाली की ज्यांचं पोट तलावावर आहे त्यांनाही हा खेळ आपला वाटेल. माझ्या मते सगळा खेळ इथंच जमतो किंवा फसतो.

आता शेजारच्या गावांचं. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडया (गावजत्रा) भरतात, आणि प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी माहेरी आलेल्या, पाहुणे घरोघर, रात्री नाटक. दुपारी मात्र माणसं मोकळी असतात आणि तलावही भरलेले असतात. तुमच्या तीन कयाक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणसाच्या गादीवर ठेवा आणि मंडईमागून मंडई फिरवा. पाळीला समांतर 200 मीटरचा मार्ग आखा, म्हणजे पाळीवर बसलेल्यांना शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल. 200 मीटर हे या खेळाचं जगभर मान्य अंतर आहे. पोरांची शर्यत, बायकांची शर्यत, डोंगेवाल्यांची वेगळी शर्यत घ्या. बक्षीस गावानंच द्यावं. ज्या गावात चार-सहा जण मागे लागतील तिथं पुढचे आठ दिवस एक नाव आणि एक शिकवणारा ठेवा. प्रत्येक गावानं नावा विकत घ्यायची गरज नाही. पाच गावांनी मिळून एक संच फिरवला तरी उन्हाळ्यात पाणी आटेपर्यंतचा हंगाम निघतो. रोवणी-कापणीच्या दिवसांत सराव ठेवू नका, घरचे पोरांना सरावातून काढून घेतील.

नव्या नावा घ्याल तर रुंद, वर बसायच्या प्लास्टिकच्या घ्या. शर्यतीची एकट्याची कयाक 5.20 मीटरपर्यंत लांब, कमीत कमी 12 किलोची आणि इतकी अरुंद असते की नवशिका बसताक्षणी कलंडतो.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, कयाक शिकायचा हट्ट धरून बसली आहे. तिला पोहता येत नाही. पाठवू का? — एक आई, अर्जुनी मोरगाव तालुका

उत्तर : आधी पोहायला शिकवा, मग पाठवा. अंगावरच्या कपड्यांसह 50 मीटर पोहता येईपर्यंत मी कोणालाही खोल पाण्यात नावेवर बसवत नाही. पोहता आलं तरी लाइफ जॅकेट हवंच. पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहा, ते हनुवटीपर्यंत सरकलं तर मोठं होतंय. ओढणी काठावर ठेवायची. नाव उलटली तर ती सोडून काठाकडे पोहत सुटायचं नाही, नावेलाच धरून राहायचं. हे कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम नाव उलटवून शिकवतात. सरावाला जा आणि हे करून घेतात का ते स्वतः बघा. घेत नसतील तर मुलीला घरी आणा.

प्रश्न : माझ्या पुतण्याचा एक पाय अपघातात गेला. त्याला हा खेळ जमेल का? पुढं काही वाव आहे का? — ब्रह्मपुरी

उत्तर : जमेल, आणि वावही आहे. ग्वाल्हेरच्या प्राची यादवला कमरेखाली अपंगत्व आहे. ती आधी पोहायची, मग भोपाळच्या छोट्या तलावावर सराव करून टोकियो पॅरालिम्पिकमध्ये पॅराकनूत, म्हणजे अपंग खेळाडूंच्या कनू-कयाक शर्यतीत, उतरणारी पहिली भारतीय ठरली आणि अंतिम फेरीत पोचली. 2023 मध्ये हांगचौच्या पॅरा आशियाई खेळांत तिनं सुवर्ण आणि रौप्य जिंकलं. त्याच वर्षी तिथल्याच आशियाई खेळांत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांनी कनूच्या दुहेरीत 1000 मीटरमध्ये कांस्य आणलं. त्यातला सुनील मणिपूरचा. आपल्यापासून भोपाळ काही फार लांब नाही.

पुतण्याला आधी डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला रुंद नाव, पाठीला टेकायला पक्कं आसन आणि शेजारी पोहणारा माणूस असू द्या. कृत्रिम पाय काढून काठावर कोरड्या जागी ठेवा. पाय नावेला किंवा आसनाला बांधायचा मोह आवरा, उलटल्यावर त्याला लगेच सुटता आलं पाहिजे.