आजोबांची बीएसए एम२० ही जुनी इंग्रजी मोटरसायकल कुटाराच्या खोलीत पडून आहे, इंजिन जाम. आर्वीजवळच्या खेड्यात दुरुस्ती जमेल का? पार्ट कुठून आणू?

जमते भाऊ. पण आधी किक मारणं बंद करा, आतले दाते तुटतात. प्लग काढून डिझेल आणि इंजिन ऑइल ओता, आठवडाभर तसंच राहू द्या. साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या बाजूला आहेत; त्यामुळे सिलिंडर जागेवर ठेवूनही हेड निघतं.

नट खोलायला आपले मिलिमीटरचे पाने लावू नका. तिथे व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे पाने लागतात. नाहीतर कोपरे गोल होतात, मग छन्नी-हातोडा! (माझे तीन नट असेच गेले.)

पार्टसाठी इंजिन नंबर पाहा. 'डब्ल्यूएम२०' असेल तर गाडी युद्धकाळातली. या मॉडेलच्या एक लाखाहून जास्त गाड्या तेव्हा लष्करासाठी बनल्या, म्हणून पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट इंग्लंडहून अजूनही येतात. कस्टमचा खर्च धरा. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८२ मिलिमीटर. ओव्हरसाइज (मूळ मापाहून थोडा मोठा) पिस्टन आधी हातात येऊ द्या, त्याच्या मापानेच नागपुरात सिलिंडर बोअर करून घ्या. उलटं केलं की फसता.

गरम झाल्यावर गाडी बंद पडली तर कार्ब्युरेटर खोलत बसू नका, आधी मॅग्नेटोचा (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा) कंडेन्सर बदला.