कमोडवर बसलं की खालचं पाणी अंगावर उडतं. माझं बसायचं चुकतंय का?

नाही, चुकत नाही. आमच्या घरात हेच वाक्य एका म्हाताऱ्या माणसाला ऐकावं लागलंय, म्हणून एवढं लिहितोय.

देवगड तालुक्यातलं आमचं घर. बाबांचे गुडघे गेले तेव्हा कमोड बसवायचं ठरलं. मी म्हटलं, साधा घ्या, तळाशी वाटीभर पाणी राहतं तसला. पण दादा पडला मुंबईचा. त्याने कुठल्याशा हॉटेलात बघितलेला आणला, अर्धं भांडं पाण्याने भरलेलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबा आत गेले नि धोतर सावरत बाहेर आले. "मेल्या, ह्यो संडास आसा काय फवारो?"

दादा म्हणाला, बाबांना बसता येत नाही.

माझं डोकं फिरलं. ऋषीच्या भाजीला आणलेल्या आंबाड्यांतले मूठभर उचलले (परत टोपलीत ठेवले नाहीत, घाबरू नका) आणि हात सीटच्या उंचीवर धरून एकेक सोडला. तिसऱ्याला मनगटाच्या आतल्या बाजूला गार थेंब. वस्तू पाण्यात घुसली की तिच्या मागे खड्डा पडतो, तो चहूबाजूंनी मिटतो आणि मधलं पाणी चिमटीत सापडल्यासारखं सरळ वर उसळतं. ज्या वाटेने माल खाली गेला त्याच वाटेने, आणि तुम्ही अजून तिथेच बसलेले. आर्थर वर्दिंग्टन नावाच्या इंग्रजाने पाण्याच्या शिंतोड्यांवर १९०८ साली अख्खं पुस्तक काढलं. त्या उसळीला त्याचंच नाव आहे. २५ सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू ताशी ८ किलोमीटरच्या वेगाने पाण्यावर आपटते. यात बाबांनी काय करायचं होतं?

विहिरीत पोहलेल्याला हे सांगावं लागत नाही. सूर मारणारा पोर चुबुक करून आत जातो, मुटका मारणारा रहाट भिजवतो. आता इथे सूर की मुटका, ते आदल्या रात्रीच्या जेवणावर. आपल्या देशी भांड्यात माल आधी उथळ जागी पडतो, मग तांब्याभर पाण्याने सरकतो. उडायला खोल पाणीच नाही.

उपाय म्हणाल तर टॉयलेट पेपर पाण्यावर पसरा, चार पदरी. मी आधी एकच पदर टाकून बघितला तर आंबाडा तो फाडून गेला आणि पाणी उलट जास्त उडालं. चार पदरांवर नुसतं थप्प. कागद नसेल तर थोडं पुढेमागे सरकून ओल्या उतारावर नेम धरा. आणि हो, वर्तमानपत्र टाकू नका. आम्ही टाकलं, तुंबलं, आणि ऐन गौरीच्या दिवशी माणूस शोधत फिरलो. तेही दादाने माझ्याच नावावर घातलं.

बाबा आता कागद टाकूनच बसतात. दादा दर गणपतीला येतो आणि पहाटे तांब्या घेऊन गुपचूप विहिरीमागच्या जुन्या संडासात जातो. विचारलं तर म्हणतो, सवय आहे.