पाहुणे वर्गात येण्यापूर्वी

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत नववीला इतिहास व राज्यशास्त्र शिकवते. महिन्यातून एकदा एखाद्या सामाजिक प्रश्नावरची चर्चा मुलांनीच चालवावी आणि त्या विषयाची माहिती असलेल्या व्यक्तीला वर्गात बोलवावे, असे आम्ही ठरवले. पहिल्या वेळी विधवा प्रथा हा विषय घेतला. पाहुणे चांगले बोलले. पण सत्कार आणि भाषण यांतच तास सरला आणि शेवटी ‘कुणाला काही विचारायचे आहे का’ असे म्हटल्यावर एकही हात वर झाला नाही. दोन पालकांनी तर विषयावरच हरकत घेतली. हा उपक्रम पुढे चालू ठेवावा का?

उत्तर : जरूर चालू ठेवावा. हात वर झाले नाहीत म्हणजे मुलांना विषयात रस नव्हता, असे मानू नये. ज्यांना सबंध तास श्रोते म्हणून बसवले, ती मुले शेवटच्या दोन मिनिटांत एकदम चर्चा चालवू लागतील, ही अपेक्षाच धरता येणार नाही. पाहुणे येण्याआधीचे किमान दोन तास मुलांच्या हाती असायला हवेत.

आपण निवडलेला विषय तर आपल्याच जिल्ह्यातला आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, पतीच्या निधनानंतर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे सांगितले. एवढे मुलांना वर्तमानपत्रातून स्वतः शोधता येईल. मग त्यांना प्रश्न लिहायला सांगावे आणि त्या प्रश्नांचे दोन भाग करावेत : वाचून उत्तर मिळेल असे, आणि ज्याने ते जवळून पाहिले त्यालाच सांगता येईल असे. ‘ठराव कधी झाला’ हा पहिल्या भागातला. ‘ठरावानंतर गावात कुणाचे निधन झाले तेव्हा बांगड्या फोडू नका असे प्रथम कोण म्हणाले, आणि फोडा असे म्हणणारे कोण होते’, ‘त्या बाईला पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे आले का’ हे दुसऱ्या भागातले. पाहुण्यांचा वेळ केवळ दुसऱ्या भागासाठी राखावा आणि ते प्रश्न त्यांच्याकडे चार दिवस आधी पोचवावेत.

पाहुणे म्हणून नामवंत वक्ताच हवा, असे मला वाटत नाही. ग्रामपंचायतीच्या महिला सदस्य, ग्रामसेवक, अंगणवाडीताई किंवा आशाताई यांना सलग भाषण कदाचित जमणार नाही. पण नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर त्या देतील आणि मुलांना तेच हवे आहे. शाल-श्रीफळाऐवजी एक फूल आणि दोन वाक्यांत परिचय पुरे. बाके गोलात मांडावीत, पाहुण्यांची खुर्चीही त्याच गोलात असावी आणि सुरुवातीला त्यांनी दहा मिनिटांहून अधिक बोलू नये, हे निमंत्रण देतानाच आदराने सांगावे. उरलेला तास एका विद्यार्थ्याने चालवावा, दुसऱ्याने वेळ पाहावी, तिसऱ्याने कोण अजून बोललेले नाही याची नोंद ठेवावी. आपण मागच्या बाकावर बसावे. वर्ग गप्प झाला की आपण उठून उत्तर देऊन टाकण्याचा मोह होतो. तो आवरणे हे त्या तासातले शिक्षिकेचे सर्वांत अवघड काम आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो. आपल्या वर्गात वडील गमावलेले एखादे मूल असू शकते, आणि त्याच्या आईबरोबर जे घडले ते त्याने दाराआडून पाहिलेले असू शकते. विषय जाहीर करण्यापूर्वी त्याच्याशी एकट्याने बोलावे. त्याला त्या दिवशी गप्प बसायचे असेल, प्रश्न लिहून द्यायचा असेल किंवा वाचनालयात थांबायचे असेल, तर तशी मोकळीक हवी. ‘तुझ्या घरी काय करतात’ असा प्रश्न वर्गात कुणी कुणाला विचारायचा नाही, हा नियम मुलांकडूनच वदवून घ्यावा. पाहुण्या म्हणून विधवा स्त्री येणार असेल, तर स्वतःविषयी किती सांगायचे हे तिनेच ठरवावे.

हरकत घेणाऱ्या पालकांना चिठ्ठी न पाठवता भेटायला बोलवावे आणि मुलांनी लिहिलेले प्रश्न त्यांच्यासमोर ठेवावेत. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. हा विषय आपल्या इतिहासाच्या तासाला परका नाही, हे त्यांना शांतपणे दाखवता येईल. तरीही कुणाला आपले मूल त्या तासाला नको असेल, तर ओढाताण करू नये.

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील अकरावीची विद्यार्थिनी आहे. महापुरावरची चर्चा मी चालवत होते. पूरपट्ट्यातील लोकांनी कायमचे स्थलांतर करावे असे पाहुणे म्हणाले, तेव्हा नदीकाठच्या गावातील माझी मैत्रीण चिडून रडू लागली. मी चर्चा तिथेच थांबवली. माझे चुकले का?

उत्तर : मैत्रीण सावरेपर्यंत थांबलीस, ते योग्यच केलेस. पुढच्या तासाला मात्र तो धागा सोडू नकोस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. पाहुणे त्या पाण्याविषयी बोलत होते, आणि तुझी मैत्रीण घर, गोठा आणि शेत यांविषयी. फळ्यावर दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी लिही : पाणी कुठवर येते, आणि हललेल्या घरातल्या म्हशी कुठे बांधायच्या, शेतावर रोज किती लांबून यायचे. दुसरा प्रश्न पाहुण्यांनाच विचार, आणि मैत्रिणीची इच्छा असेल, तर तो तिच्याच शब्दांत विचार.