माणसाची ओळख ठरवणाऱ्या गुणाला नेमका शब्द कोणता?

तुम्ही निवृत्त होणाऱ्या सरांवर लिहिताय, आणि तीस वर्षांत त्यांचा आवाज कधी चढला नाही याला 'लकब' म्हणावं की 'वैशिष्ट्य', असं विचारलंय. लकब नको. लकब म्हणजे बोलण्या-चालण्यातली सवय: चष्मा कपाळावर ढकलणं, वाक्याच्या शेवटी 'बरं का' म्हणणं. 'खोड' तर मुळीच नको, त्यात तक्रार येते. 'वैशिष्ट्य' चालेल, पण ते एकाच माणसात दहा असू शकतात. ज्या एका गुणामुळं माणूस इतरांपासून वेगळा ओळखू येतो, त्याला 'व्यवच्छेदक लक्षण' म्हणतात. शब्द अचूक आहे, फक्त निरोपाच्या लेखात जड वाटतो. तिथं मी 'स्वभावविशेष' लिहीन.

खरं तर अशा शब्दाऐवजी त्या गुणाचंच नाव शोधा. आपल्या पैठणचे एकनाथ महाराज घ्या. अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता ते पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करून आले, अशी कथा सांगतात. लोकांनी त्यांना 'शांतिब्रह्म' म्हटलं. एका शब्दात अख्खा माणूस आला! सरांसाठी साधं 'शांत' पुरेल का, की 'सोशिक'? सोशिक माणूस आतून दुखावलेला असू शकतो. सर तसे नसतील तर तो शब्द नको. 'धीरगंभीर'ही नको, त्यात शांतपणापेक्षा गांभीर्य जास्त येतं; 'समंजस' लिहा.