वाचकांचे प्रश्न : अलेक्झांड्रियाला जाण्यापूर्वी

इजिप्तच्या भूमध्य किनाऱ्यावरील अलेक्झांड्रिया या शहराविषयी वाचकांनी पाठविलेल्या पत्रांतील काही प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक असून एका प्रवास कंपनीबरोबर इजिप्तला जाणार आहोत. सकाळी कैरोहून निघून रात्री परत यायचे, असा एकच दिवस कार्यक्रमात अलेक्झांड्रियासाठी ठेवला आहे. तेथील जगप्रसिद्ध दीपस्तंभ आणि प्राचीन ग्रंथालय या दोन्हींपैकी आता काहीच उरलेले नाही, असे ऐकतो. मग हा दिवस तरी खर्च करावा का? — एक वाचक, नाशिक

आपण ऐकले ते खरे आहे, आणि इतके लांब जाण्याआधी ते ठाऊक असणे चांगलेच. इ. स. पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने वसविलेल्या नगरापैकी जमिनीवर उभे असे फारच थोडे शिल्लक आहे. खुद्द अलेक्झांडरची कबर सापडलेली नाही, ग्रंथालयाच्या इमारतीचा मागमूस लागलेला नाही, अलेक्झांडरनंतर येथून राज्य करणाऱ्या टॉलेमी राजांचे वाडे पूर्व बंदराच्या पाण्याखाली आहेत, आणि क्लिओपात्राच्या सुया म्हणून ओळखले जाणारे दोन पाषाणस्तंभ एकोणिसाव्या शतकातच लंडन व न्यूयॉर्कला नेण्यात आले. रोम किंवा अथेन्सच्या अपेक्षेने येथे येणारा प्रवासी दुपारपर्यंत हिरमुसतो.

तरीही जावे, मात्र एका दिवसाच्या फेरीने जाऊ नये, असे आमचे मत आहे. कैरोपासून हे शहर रस्त्याने सुमारे सव्वादोनशे किलोमीटर असल्यामुळे येण्या-जाण्यातच सहा तास जातात. उरलेल्या वेळात किल्ला, ग्रंथालय, स्तंभ आणि भुयारे उरकताना बसमध्ये चढण्या-उतरण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. दोन रात्री काढता येत असतील तरच जावे, एरवी तो दिवस कैरोतील एखाद्या संग्रहालयाला द्यावा. कंपनीचा कार्यक्रम संपल्यावर स्वतंत्रपणे जाणेही अवघड नाही. कैरोच्या रामसेस स्थानकावरून सुटणारी जलद गाडी अडीच-तीन तासांत पोहोचते. मात्र अलेक्झांड्रियात आधी सीदी गाबर आणि शेवटी महत्तत मस्र अशी दोन मुख्य स्थानके लागतात, तेव्हा आपले हॉटेल कोणत्या स्थानकाजवळ आहे हे आधी विचारून ठेवावे.

या शहरात जे पाहायचे ते बरेचसे जमिनीखाली आहे, हे मनाशी धरून निघाल्यास निराशा होत नाही. कोम अल-शोकाफा येथील दुसऱ्या शतकातील दफनभुयारे १९०० मध्ये सापडली, आणि ती एका गाढवाचा पाय खचून ते आत पडल्यामुळे सापडली, असे सांगतात. गोल विहिरीसारख्या खोल कूपाभोवती फिरत जाणाऱ्या जिन्याने खाली उतरले की मृतांच्या नातलगांनी स्मृतिभोजनासाठी जमावे म्हणून खडकात कोरलेली बैठक दिसते, आणि तिच्या पलीकडच्या मुख्य समाधीत इजिप्तचा श्वानमुखी देव अनुबिस चक्क रोमन शिपायाच्या पोशाखात उभा असतो. इजिप्शियन देव, ग्रीक नाग आणि रोमन चिलखत यांची अशी सरमिसळ एकाच भिंतीवर पाहिल्यावर या शहरात कोणकोण एकत्र नांदत होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. जिना बराच असल्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सावकाश उतरावे.

तेथून जवळच पॉम्पीचा स्तंभ आहे. त्याचा रोमन सेनानी पॉम्पीशी काडीचाही संबंध नाही. अस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा, पाया व शीर्ष धरून सुमारे २७ मीटर उंचीचा हा स्तंभ इ. स. २९८ च्या सुमारास सम्राट डायोक्लेशनच्या सन्मानार्थ उभारला गेला. तेथे सेरापिस देवाचे मोठे मंदिर होते आणि त्याला जोडून मुख्य ग्रंथालयाची एक शाखा होती, म्हणून प्राचीन ग्रंथालयाच्या सर्वांत जवळ जायचे असेल तर याच टेकडीवर जावे लागते.

आपण दोघे शिक्षक असल्यामुळे कोम अल-दिक्का मुळीच चुकवू नये. बहुतेक सहली येथील संगमरवरी पायऱ्यांच्या छोट्या रोमन प्रेक्षागृहाचे छायाचित्र घेऊन परततात. त्या प्रेक्षागृहालगतच पोलंडच्या पुरातत्त्वज्ञांनी पाचव्या ते सातव्या शतकांतील सुमारे वीस व्याख्यानकक्ष उकरून काढले आहेत. भिंतींना लागून दगडी बाकांच्या चढत्या रांगा आहेत आणि टोकाला, बाकीच्यांहून उंच, शिक्षकाचे आसन आहे. प्राचीन जगातील एवढे मोठे विद्यालय इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळते, आणि ग्रंथालय नष्ट झाल्यावर येथील विद्या संपली हा सर्वसाधारण समज या बाकांसमोर टिकत नाही.

दीपस्तंभ चौदाव्या शतकातील भूकंपांनी पुरता कोसळला. त्याच्या जागेवर सुलतान कायतबेने १४७७ मध्ये किल्ला बांधावयास घेतला आणि पडलेले दगड त्यात वापरले. किल्ला आतून रिकामाच आहे. तेथे जायचे ते तटावरून दिसणाऱ्या समुद्रासाठी. नवे ग्रंथालय, म्हणजे २००२ मध्ये उघडलेले बिब्लिओथेका अलेक्झांड्रिना, हे मात्र अर्धा दिवस देण्याच्या योग्यतेचे आहे. समुद्राकडे कललेल्या प्रचंड तबकडीच्या आकाराची ही इमारत आणि जगातील अनेक लिप्यांची अक्षरे कोरलेली तिची ग्रॅनाइटची भिंत सर्वांना छायाचित्रांतून परिचित असते. परंतु एकाखाली एक उतरत जाणाऱ्या सज्जांचे वाचनालय आत जाऊनच पाहावे, आणि तेथे पर्यटकांपेक्षा अभ्यास करणारे स्थानिक विद्यार्थी अधिक असतात याचे विशेष समाधान वाटते. शुक्रवार-शनिवारच्या वेळा निराळ्या असतात आणि मोठ्या पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. अनेक वर्षे बंद असलेले ग्रीक-रोमन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले आहे, त्याला दुसरा दिवस द्यावा.

कोणत्या महिन्यात जावे? — ठाणे व बेळगाव येथील वाचक

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये कैरोतील उकाड्याला कंटाळलेली कुटुंबे येथे लोटतात आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. पाऊस हिवाळ्यात पडतो. वर्षाकाठी तो सुमारे २०० मिलिमीटरच असतो आणि कोकणातील माणसाला त्याचे हसू येईल. पण त्याबरोबर येणारी वादळे जोरदार असतात, समुद्राचे पाणी किनाऱ्यावरील रस्त्यावर येते आणि सखल भागांत तुंबते. येथील कोळी या वादळांना ‘नव्वा’ म्हणतात आणि प्रत्येकाचे नाव व साधारण तारीखही त्यांना पाठ असते. वसंत ऋतूत वाळवंटाकडून खमसीन हा धुळीचा वारा एखाददुसरा दिवस त्रास देतो. रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्या काळात दिवसा बरीच उपाहारगृहे बंद असतात, पण सूर्यास्तानंतर शहराला जी जाग येते ती अनुभवण्यासारखी असते.

मी व माझी मुलगी अशा दोघीच जाणार आहोत. पोशाख, वाहने आणि सुरक्षितता यांविषयी सांगावे. — एक वाचिका, पुणे

शहरात स्त्रियांचा वावर मोठा आहे. संध्याकाळी किनाऱ्यावरील रस्त्यावर, म्हणजे कॉर्निशवर, कुटुंबेच्या कुटुंबे उशिरापर्यंत बसलेली असतात, त्यामुळे गजबजलेल्या भागात दोघींना अडचण येऊ नये. शेरेबाजी मात्र होते, हे लपविण्यात अर्थ नाही. उत्तर न देता चालत राहावे, आणि कोणी मागे लागल्यास जवळच्या दुकानात शिरून मोठ्याने सांगावे. लोक मध्ये पडतात. खांदे व गुडघे झाकणारा सैल पोशाख पुरेसा आहे, सलवार-कुर्ता तर उत्तमच. अबू अल-अब्बास अल-मुर्सी यांच्या मशिदीत जायचे असल्यास ओढणी जवळ असावी. सार्वजनिक किनाऱ्यांवर स्थानिक स्त्रिया बहुधा पूर्ण कपड्यांनिशीच पाण्यात उतरतात. पोहण्याचा पोशाख वापरायचा असेल तर हॉटेलचा खासगी किनारा निवडावा.

येथील टॅक्सी काळ्या-पिवळ्या असतात, त्यामुळे मुंबईकरांना क्षणभर घरी आल्यासारखे वाटते, पण मीटर चालेल या भरवशावर बसू नये. भाडे आधी ठरवावे किंवा मोबाइलवरून गाडी बोलवावी. येथील ट्राम १८६० च्या दशकापासूनची, आफ्रिकेतील सर्वांत जुन्यांपैकी, आणि तिच्यात स्त्रियांसाठी वेगळे डबे असण्याचा प्रघात आहे. मात्र रम्ल मार्गाच्या नूतनीकरणाचे मोठे काम हाती घेतलेले असल्याने ती सध्या कोठवर चालते, हे हॉटेलात विचारून घ्यावे. आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका कॉर्निश ओलांडण्याचा आहे. अनेक पदरी रस्ता, भरधाव गाड्या आणि मोजके सिग्नल अशी तेथील स्थिती असल्यामुळे जेथे भुयारी मार्ग आहे तेथूनच पलीकडे जावे, मग त्यासाठी थोडे चालावे लागले तरी हरकत नाही.

पैशांविषयी एकच सूचना : सुट्ट्या नोटा जमवून ठेवाव्यात, कारण टॅक्सीवाल्यांपाशी त्या कधीच नसतात, उलट अनेक सरकारी पुरातत्त्वस्थळांवर तिकीट केवळ कार्डानेच मिळते, तेव्हा परदेशात चालणारे कार्डही हवे.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, काही जण जैन आहेत. समुद्रकाठच्या शहरात आमची उपासमार तर होणार नाही ना? — इचलकरंजीहून काही वाचक

मुळीच नाही, उलट इजिप्तच्या सामान्य माणसाचा रोजचा आहार बऱ्याच अंशी शाकाहारीच आहे. बाकल्याच्या सुक्या दाण्यांची रात्रभर मंद आचेवर शिजवलेली उसळ, म्हणजे फूल, हा येथील सकाळचा मुख्य पदार्थ. अलेक्झांड्रियात त्यात टोमॅटो, कांदा आणि मिरची घालतात, त्यामुळे आपल्या जिभेला तो कैरोतल्यापेक्षा अधिक रुचतो. त्याच बाकल्याचे हिरवे वडे (कैरोत त्यांना तामेया आणि येथे फलाफल म्हणतात), तांदूळ-मसूर-मॅकरोनी एकत्र करून वर तळलेला कांदा व टोमॅटोचा आंबट रस्सा घातलेली कोशरी, वांग्याचे प्रकार, तीळकूट घातलेल्या चटण्या आणि गरम ऐश बलदी रोटी एवढ्यावर आठवडा सहज निघतो. उसाचा रसही कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो.

फसवणूक होते ती भाजीसारख्या दिसणाऱ्या पदार्थांत. मुलुखिया ही हिरवी पातळ भाजी कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्श्यात करतात, आणि भात भरलेल्या भाज्या म्हणजे महशी पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘मांस नको’ एवढेच सांगितल्यास मांसाचे तुकडे बाजूला काढून ताट पुढे येण्याचा संभव असतो. त्यापेक्षा ‘सियामी’ आहे का, असे विचारावे. कॉप्टिक ख्रिस्ती लोक वर्षातील दोनशेहून अधिक दिवस मांस, अंडी आणि दूध वर्ज्य करतात आणि त्या उपवासाच्या जेवणाला हे नाव आहे. त्यांच्या काही उपवासांत मासे चालतात, म्हणून ‘मासेही नकोत’ हे जोडून सांगावे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र फळे, रोटी, चीज आणि घरून नेलेले खाकरे-थेपले यांवरच भिस्त ठेवावी, दुसरा व्यवहार्य मार्ग दिसत नाही. मासे खाणारे कोणी बरोबर असतील तर त्यांना अनफूशी भागात पाठवावे. बर्फावरचा मासा आपण निवडायचा, वजन करायचे आणि तो कसा भाजायचा ते सांगायचे, अशी तेथील रीत आहे.

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहान कांस्यमूर्ती अलेक्झांड्रियाहून आली असे म्हणतात. तेथे आपल्याशी संबंधित काही पाहायला मिळते का? — एक वाचक, कोल्हापूर

कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ती मूर्ती रोमन काळात आयात झालेली आहे आणि काही अभ्यासकांच्या मते ती अलेक्झांड्रियात घडली असावी. व्यापाराचा मार्ग तर निश्चितच त्या शहरातून जात होता. इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण, तेर आणि कल्याण यांचे उल्लेख आहेत. भारतातून निघालेला माल तांबड्या समुद्रावरील बेरेनिके किंवा मायोस होर्मोस बंदरात उतरे, उंटांवरून नाईलपर्यंत जाई आणि नदीने अलेक्झांड्रियाला पोहोचे. तेथे सरकारी वखारीत त्याच्या मूल्याचा चौथा हिस्सा कर म्हणून घेतला जाई. वखारींचे अवशेष मात्र पाहायला मिळत नाहीत. पोसायडनची जातकुळी ओळखायची असेल तर ग्रीक-रोमन संग्रहालयातील लहान मूर्तींची दालने पाहावीत, आणि जाण्यापूर्वी कोल्हापूरची मूर्ती पुन्हा एकदा नीट पाहून जावे.

दुसरा दुवा बराच अलीकडचा आहे. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी मुंबईहून युरोपला जाणारे प्रवासी व टपाल सुवेझला उतरून जमिनीवरून अलेक्झांड्रियाला जात आणि तेथे पुन्हा बोटीत बसत. अलेक्झांड्रिया-कैरो लोहमार्ग १८५६ मध्ये, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर तीनच वर्षांनी, पुरा झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले तेव्हा मुंबईप्रमाणेच या शहरातही पैशांचा पूर आला, आणि मध्यवर्ती भागातील जुन्या भव्य इमारती त्यानंतरच्या भरभराटीच्या दशकांतल्या आहेत.

माझे आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये होते आणि १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत मारले गेले, एवढेच घरात ठाऊक आहे. अलेक्झांड्रियाजवळ त्यांचे नाव कोठे शोधता येईल? — एक वाचक, सातारा

अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर अल-अलामेन आहे. तेथील युद्धस्मशानभूमीत राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने सांभाळलेली सात हजारांहून अधिक थडगी आहेत, परंतु आपण केवळ थडग्यांच्या रांगांत शोधू नये. ज्यांचा मृतदेह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही अशा सैनिकांची नावे प्रवेशाजवळील स्मारकाच्या भिंतींवर कोरलेली आहेत, आणि ज्यांचा धर्मानुसार अग्निसंस्कार झाला अशा सहाशेहून अधिक जणांसाठी त्याच आवारात आग्नेय बाजूस वेगळे दहनस्मारक आहे. सहलीबरोबर येणारे लोक बहुधा तेथवर जात नाहीत.

पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये लिबियातील टोब्रुक येथे होती आणि ते ठाणे २१ जून रोजी पडल्यावर ती कैद झाली. आजोबा त्या पलटणीत असून लढाईत पडले असल्यास त्यांचे नाव अलामेनला असण्याचा संभव आहे. कैदेत वारले असल्यास ते इटलीतील एखाद्या स्मारकावर असू शकेल. म्हणून प्रवास ठरविण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत शोध घ्यावा. तेथे नाव, सैनिक क्रमांक, पलटण आणि मृत्यूची तारीख यांवरून नोंद सापडते आणि स्मारकावरील फलकाचा क्रमांकही मिळतो. इंग्रज कारकुनांनी मराठी नावे कानाला वाटतील तशी उतरविलेली असल्यामुळे वर्णलेखनाचे निरनिराळे प्रकार वापरून पाहावेत. रेजिमेंटचे नावही तेव्हा ‘महराट्टा’ असे लिहीत. जुने पेन्शनपत्र किंवा पदक घरात असेल तर त्यावरील क्रमांकाचा सर्वांत जास्त उपयोग होईल. अलेक्झांड्रियाहून दिवसभरासाठी गाडी ठरवून जाणे सोयीचे पडते. उन्हाळ्यात तो रस्ता सुट्टीवर निघालेल्यांच्या गाड्यांनी भरतो, तेव्हा पहाटे निघावे.